निगीनवरच्या पाच रात्री आणि कापलेला एक तारा

पाचपैकी चार तारे. कापलेला एक तारा गरम पाण्याचा आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचून कोणी भलता अर्थ काढायला नको.

मी आणि माझी मोठी नणंद, अशा आम्ही दोघी २६ ते ३१ ऑक्टोबर २०२५ या पाच रात्री श्रीनगरच्या निगीन तलावावर, या हाउसबोटीत राहिलो. वयं ६२ आणि ६७, मुक्काम डोंबिवली पूर्व. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची चौदा कर्ज विभागात. त्यामुळे कुठल्याही जागेत शिरले की आधी छताकडे बघते आणि मग हिशेबाकडे. साठी उलटल्यावर ही खोड आता जायची नाही.

तर छत. खतमबंद म्हणतात त्याला. लाकडाचे लहान लहान तुकडे एकमेकांत अडकवून केलेली नक्षी, बघावं तिथे खिळा दिसत नाही. बोट देवदाराची, आतलं फर्निचर अक्रोडाच्या लाकडाचं, आणि त्यावर चिनारच्या पानांचं कोरीवकाम इतकं की वन्संनी पहिल्याच दिवशी विचारलं, "ह्याची धूळ कोण पुसतं गं?" (रोज सकाळी एक मुलगा रंगाच्या ब्रशने पुसतो. बघितलं.) झोपायच्या खोल्या तीन, प्रत्येकीला स्वतंत्र न्हाणीघर. पुढे सज्जा, सज्ज्यातून चार पायऱ्या थेट पाण्यात. समोर हरिपर्बतचा किल्ला, काठाला विलो आणि पॉप्लर, आणि पायरीच्या खांबावर रोज साडेसातला येऊन बसणारा एक खंड्या. दलपेक्षा निगीन लहान आणि पुष्कळच शांत. दलवर मोटारींचे हॉर्न ऐकू येतात, इथे वल्ह्याचा आवाज येतो. ज्यांना बाजारात उतरून खरेदी करायची आहे त्यांनी दलवर राहावं. आमच्यासारख्यांना हेच बरं.

आता पाणी. दोन नंबरच्या खोलीतला गीझर बंद आहे. एक आणि तीनमधले चालतात, पण सकाळी वीज गेली की तेही थंड. ऑक्टोबरअखेरीला तिथे पहाटेची थंडी काय असते ते ज्याला माहीत आहे त्यालाच कळेल. मालकांनी चुलीवर तापवलेली बादली दारात आणून ठेवली, रोज, न सांगता. पण बादली ती बादली, आणि दिलेल्या पैशांत नळाला गरम पाणी आलं पाहिजे. मी तसं तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, दोन नंबरचा गीझर एप्रिलच्या सुरुवातीला बिघडला. मेच्या पैशांतून नवा बसवायचा होता.

मेचे पैसे आलेच नाहीत. का, ते डोंबिवलीकरांना सांगायला नको: एप्रिलमधला पहलगामचा हल्ला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी दिवाणखान्यात बुखारी पेटवली होती. बुखारी म्हणजे लाकडं घालायची लोखंडी शेगडी, धूर नळीतून बाहेर जातो. मालक कहवा घेऊन आले आणि मोबाइलवर बोटीची जुनी-नवी परीक्षणं दाखवत बसले. वय अठ्ठावन्न, आजोबांपासूनचा धंदा, कुटुंब मागच्या डोंग्यात, म्हणजे लहान साध्या बोटीत, राहतं. एप्रिलच्या आधीची परीक्षणं बघा, म्हणाले. उशी कडक आहे, नदरू छान होतं, वायफाय चालत नाही, मुलगा शिकाऱ्याचे जास्त पैसे मागतो. आता एप्रिलनंतरची बघा. मी बघितली. 'खूप सुरक्षित वाटलं.' 'काहीही भीती नाही, जरूर या.' 'लोक फार चांगले, सेफ.' एकामागून एक, सगळी तशीच.

"मॅडमजी," ते म्हणाले, "खाना कैसा था, अब कोई नहीं लिखता. सब लिखते हैं, हम जिंदा वापस आ गए."

असं म्हणून ते हसले. मला हसू आलं नाही, पण मुद्दा पटला. महाबळेश्वरच्या हॉटेलाला 'सुरक्षित वाटलं' म्हणून कोणी तारे देत नाही. तिथे स्ट्रॉबेरी क्रीम आंबट होतं का, यावर तारे जातात. म्हणून मी ठरवलं की या बोटीचं परीक्षण मी महाबळेश्वरच्या हॉटेलासारखंच करणार. गीझर बंद, एक तारा कमी. दयेचे तारे देणार नाही.

पण हिशेब लिहिल्याशिवाय राहवत नाही, तेव्हा तोही लिहिते.

आमचं मूळ बुकिंग ३ ते ८ मे २०२५ असं होतं. मुलगा, सून, दोन नातवंडं आणि आम्ही दोघी, दोन खोल्या. फेब्रुवारीतच बारा हजार आगाऊ पाठवले होते. २२ एप्रिलला, मंगळवारी दुपारी, पहलगामच्या बैसरनमध्ये सव्वीस माणसं मारली गेली. त्यांत महाराष्ट्रातले सहा, आणि त्या सहांतले तिघे आमच्या डोंबिवलीचे. दुसऱ्या दिवशी भागशाळा मैदानात अंत्यदर्शनाला आम्हीही गेलो होतो. त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही. २४ तारखेला मी बोटीवर फोन केला. मी काही बोलायच्या आत पलीकडून आवाज आला, "पैसे लौटा दूँगा मॅडमजी, थोडा वक्त दीजिए."

विमान कंपनीने रद्द केल्याचे पैसे कापले नाहीत. मधल्या ऑनलाइन पोर्टलने स्वतःचं सेवाशुल्क तेवढं कापलं. बोटीचे बारा हजार मात्र पूर्ण आले, तीन हप्त्यांत: २ मेला पाच, ११ जूनला चार, २८ जुलैला तीन. कर्ज विभागात चौदा वर्षं बसलेल्या बाईला असे तीन आकडे दिसले की त्यामागचं घर दिसतं. पाच हजार हाताशी होते. चार कुठून तरी जमवले. शेवटचे तीन कसे आले ते त्यांनी आता सांगितलं. धाकटा मुलगा जूनमध्येच दिल्लीला शालींच्या दुकानात नोकरीला गेला, त्याच्या पगारातले. काश्मिरी शालवाले एरवी थंडीच्या तोंडावर खाली उतरतात. हा ऐन उन्हाळ्यात उतरला.

आणि हे फक्त माझे बारा हजार. त्या आठवड्यात त्यांच्याकडे १७ बुकिंगं रद्द झाली. सगळ्यांना आगाऊ रक्कम परत हवी, आणि तीही त्याच आठवड्यात. ठेवीदार एकाच दिवशी दारात उभे राहिले की चांगली बँकही बसते, हे आम्ही नोकरीच्या पहिल्या वर्षी शिकतो. बोटीचं आणखी कठीण. कारण आगाऊ पैसे पेटीत पडून नसतातच, ते हिवाळ्यात लाकडात गेलेले असतात. पाण्याखालच्या फळ्या दर दोन-चार वर्षांनी बदलाव्या लागतात, फटी बुजवाव्या लागतात. ही कामं सीझनच्या आधी उरकायची, आणि तो खर्च येणाऱ्या मेच्या आगाऊ पैशांतून. नवी हाउसबोट बांधायला परवानगी नाही, त्यामुळे आहे ती बुडू द्यायची नाही, एवढाच धंदा.

जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन आम्ही दोघांनी हिशेब मांडला. वन्सं तेव्हा झोपल्या होत्या. एप्रिलच्या मध्यापासून जूनअखेरपर्यंत पंचाहत्तर दिवसांचा मुख्य सीझन. २०२४ मध्ये सरासरी दोन खोल्या भरलेल्या, खोलीचा दर जेवणासकट साडेपाच हजार. म्हणजे सव्वाआठ लाख. हे वर्षाच्या उत्पन्नाच्या निम्म्याहून बरंच जास्त. २०२५ मध्ये २२ एप्रिल ते ३० जून या काळात भरलेल्या खोल्या: अकरा रात्रींपुरत्या. दर तीन हजार, कधी अडीचसुद्धा. म्हणजे तीस-बत्तीस हजार. आचाऱ्याचा दोन महिन्यांचा पगारच तेवढा होतो. (आचारी आता घरचाच आहे, मालकांचा पुतण्या. जुना जुलैमध्ये गेला.)

विमा? विचारलाच. दहशतवादाचा विमा आपल्याकडे मिळतो, २००२ पासून विमा कंपन्यांनी त्यासाठी एकत्र निधी केला आहे. पण भरपाई होते ती मोडतोडीची. धंदा थांबल्याचे पैसे मिळतात तेही मोडतोड झाली असेल तर. मुंबईत २६/११ नंतर ताजचा टॉवर विभाग २१ डिसेंबर २००८ ला पुन्हा उघडला, महिनाही झाला नव्हता. पाठीमागे मोठं घराणं होतं आणि नुकसान भिंतींवर दिसत होतं. निगीनवरच्या बोटीला साधा ओरखडासुद्धा नाही. गोळी चालली ती नव्वद किलोमीटरवर, नुकसान इथे, आणि दाखवायला काही नाही. माझ्या टेबलावर असा अर्ज आला असता तर 'नुकसानीचा पुरावा जोडलेला नाही' असा शेरा मीच मारला असता.

या बोटीवरची सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे पाहुण्यांची वही. वह्या तीन आहेत. जाल तेव्हा मागून घ्या, ते आनंदाने देतात. पहिली हिरव्या कापडी बांधणीची. १९८६, ८७, ८८ ची पानं भरभरून वाहतायत: ऑस्ट्रेलिया, पश्चिम जर्मनी, इंग्लंड, मधूनच कलकत्ता. एका बाईंनी खंड्याचं चित्र काढलंय. (हा तोच नसणार, पण खांब तोच आहे.) १९८८ साली खोऱ्यात सात लाखांच्या आसपास पर्यटक आले होते. नव्वदीच्या सुरुवातीला तो आकडा काही हजारांवर आला. हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. पण वहीत ते कसं दिसतं ते बघा. १९८९ च्या ऑक्टोबरची एक ओळ, इंग्रजीत. तिच्या लगेच खाली, त्याच पानावर, मे १९९५ ची ओळ, नेदरलँड्स. मध्ये कोरं पान नाही, रेघ नाही. जागा वाया का घालवायची, म्हणून वडलांनी पाहुण्यांना त्याच पानावर लिहायला सांगितलं. दोन ओळींमध्ये साडेपाच वर्षं.

आणि १९९५ ची ती एकच. त्याच जुलैमध्ये पहलगामच्या वरच्या डोंगरांतून सहा परदेशी गिर्यारोहकांना पळवून नेलं. एक निसटला, एकाचा शिरच्छेद झाला, चौघांचा पत्ता आजतागायत लागलेला नाही. त्यानंतर पाश्चात्त्य सरकारांनी आपल्या लोकांना 'काश्मीरला जाऊ नका' असं जे सांगितलं, ते थोड्याफार फरकाने अजून चालूच आहे. देशी माणूस दोन-तीन वर्षांत विसरतो आणि परत येतो. परदेशी सरकारचा कागद विसरत नाही, आणि त्या कागदात 'जाऊ नका' असेल तर त्यांचा प्रवासाचा विमा सहसा लागू होत नाही. हिरवी वही नंतर संपलीच नाही, तिची शेवटची पानं अजून कोरी आहेत. दुसरी वही वेगळी केली ती २००४ मध्ये, देशी पाहुण्यांसाठी. अहमदाबाद, सुरत, कोलकाता, आणि मग आपण. नाशिक, सांगली, ठाणे, 'पोहे मस्त', 'काकूंच्या हातची आठवण झाली'. बारामतीच्या कोणीतरी कविता लिहिली आहे. ती चांगली नाही.

दुसऱ्या वहीच्या खालच्या भागाला तपकिरी डाग आहे, तो सप्टेंबर २०१४ च्या पुराचा. २ ऑगस्ट २०१९ ला एका बंगाली कुटुंबाची घाईघाईतली ओळ आहे, 'आजच निघायला सांगितलं.' तेव्हा सरकारनेच पर्यटकांना खोरं सोडायला सांगितलं होतं. मग टाळेबंदी, मग कोरोना. म्हणजे वहीतला प्रत्येक खड्डा बंदुकीने पडलेला नाही. पाणी आहे, सरकार आहे, साथ आहे. हे मुद्दाम लिहिते, कारण काश्मीरचं सगळंच एका खात्यात टाकायची आपल्याला सवय आहे. फरक एवढाच की पूर ओसरला की पाहुणा येतो. भीती ओसरली की नाही हे पाहुण्याला कळायला वेळ लागतो.

तिसरी वही २०२२ ची, आणि तीन वर्षांत जवळजवळ भरली. शेवटची गर्दीची ओळ २१ एप्रिल २०२५. पुढची १९ जून.

वर्तमानपत्रांत २०२४ चा आकडा यायचा, जम्मू-काश्मीरला २ कोटी ३६ लाख पर्यटक. बरोबरच आहे तो. पण त्यातले नव्वद लाखांहून अधिक वैष्णोदेवीचे. ते कटऱ्याहून दर्शन घेऊन परत जातात, निगीनवर येत नाहीत. खोऱ्यात आलेले साधारण पस्तीस लाख. कोटींच्या आकड्यांनी बोटीचा गीझर दुरुस्त होत नाही.

जेवणाकडे वळते, कारण मालकांची तक्रारच ती होती. सकाळी कांदुरकडचा, म्हणजे तिथल्या भट्टीवाल्याकडचा, गरम गिरदा (गोल रोटी), लोणी, अंडं, कहवा. उत्तम. गिरद्यासाठी मी पुन्हा जाईन. नदरू यखनी, म्हणजे कमळाचे देठ दह्याच्या रश्शात, बडीशेप आणि सुंठ घालून, आम्ही पाचांतल्या तीन रात्री मागितली. हाख म्हणजे साधी पालेभाजी. मोहरीच्या तेलाचा वास वन्संना चालला नाही, मला चालला. मटण मऊ, तिखट नाही, रंग मात्र असा की लहान मूल घाबरावं. आणि पोहे. आपल्या टूर कंपन्यांचे आचारी इथे इतकी वर्षं आले की पुतण्यालासुद्धा पोहे येतात. पण त्यात मटार, गाजर आणि साखर, आणि दाणे नाहीत. वन्संनी चौथ्या दिवशी स्वतः स्वयंपाकघरात जाऊन करून दाखवले. पुढे जाणाऱ्या मराठी मंडळींनी कळवावं, सुधारणा झाली का.

एक तक्रार आणखी. नाश्त्याच्या वेळी शिकाऱ्यातून विक्रेते थेट सज्ज्याला येऊन भिडतात. केशर, पेपरमाशेचे डबे, 'असली पश्मिना'. नको म्हटलं तरी पेटी उघडतातच. दुसऱ्या दिवशी मी मालकांना सांगितलं, यांना जरा आवरा. ते गप्प राहिले. मग म्हणाले, एरवी मी नाश्त्याला कोणाला येऊ देत नाही, पण यंदा ३१ बोटी फिरल्यावर एका बोटीत पाहुणा सापडतो, मी नाही कसं म्हणू. तारा कापला नाही, पण नोंद करते. केशर त्यांच्याकडून घेऊ नका.

२९ तारखेला पहलगामला गेलो. जावं की नाही यावर आमच्यात आदल्या रात्री बराच वेळ गेला. वन्सं म्हणाल्या, "तिथे मला फोटो काढायचे नाहीत." मी म्हटलं, नको काढू. गाडी बोटवाल्यांच्या ओळखीची, ड्रायव्हर पस्तिशीचा, गाडी उत्तम, चालवणं सावकाश, पाच तारे. वाटेत पांपोरला केशराची शेतं फुललेली होती. जमिनीलगत जांभळी फुलं, आणि बायका खाली वाकून वेचतायत. पुढे संगमला विलोच्या बॅटींची दुकानं, एकामागे एक, बहुतेकांत दुकानदार एकटाच.

गाडीवर कर्ज आहे, हप्ता २३,४००. बोलता बोलता निघालं. एप्रिलचा हप्ता दहा तारखेला भरला होता. मे, जून, जुलै चुकले. नव्वद दिवस हप्ता थकला की खातं एनपीएत, म्हणजे बुडीतखात्याच्या यादीत, जातं, हा नियम मी हजार वेळा लोकांना ऐकवलेला आहे. आणि एप्रिलच्या शेवटापासून नव्वद दिवस म्हणजे नेमका सगळा सीझन. मेहुण्याकडून उसने घेऊन त्याने ऑगस्टमध्ये खातं वाचवलं. मेहुणा सोपोरचा, सफरचंदवाला. मग ऑगस्टअखेरीपासून दरडींनी जम्मूचा महामार्ग बंद पडला, सप्टेंबरात फळांचे ट्रक रस्त्यातच सडले. आता मेहुण्याला पैसे परत हवेत. मी कपाळाला हात लावला. अशा खात्यांना थकबाकीची पत्रं सही करून मीच पाठवायचे, आणि कारणांच्या रकान्यात दुष्काळ, आजारपण, दुकानाला आग असलं काही असायचं.

पहलगामला बाहेरची गाडी खालीच थांबते. आरू, बेताब, चंदनवाडीला जायला तिथल्या युनियनचीच टॅक्सी करावी लागते. दरपत्रक फलकावर लावलेलं आहे, घासाघीस नाही. हल्ल्यानंतर सरकारने काश्मीरमधली ८७ पैकी ४८ पर्यटनाची ठिकाणं बंद केली होती. आरू आमच्या जाण्याच्या एक महिना आधी, २९ सप्टेंबरला उघडली. ठिकाण बंद म्हणजे नुसतं एक ठिकाण बंद नव्हे. पहलगामला दोन रात्री राहण्याचं कारणच संपतं, टूरवाला तिथला मुक्काम काढून श्रीनगरहून सकाळी नेऊन संध्याकाळी आणतो. मग हॉटेलच्या दोन रात्री गेल्या, रात्रीचं जेवण गेलं, सकाळचा घोडा गेला.

घोड्याचं सगळ्यांत वाईट. बैसरनला गाडीचा रस्ता नाही, पायी जा नाहीतर घोड्यावरून. त्यामुळे पहलगामच्या घोडेवाल्यांची मुख्य कमाई तीच एक वाट होती, आणि आम्ही गेलो तेव्हा ती बंद होती. मारल्या गेलेल्या सव्वीसांत एक त्यांच्यातला होता, हे आपल्याकडे पुष्कळांना आठवत नाही. एका म्हाताऱ्या घोडेवाल्याने न विचारता गळ्यातलं नोंदणीचं कार्ड पुढे केलं, कोणी फोटो काढावा तसं स्थिर धरून उभा राहिला. मी लिद्दर नदीच्या काठाने पाऊण तास घोड्यावर बसले. आधी त्याच्याकडे दोन घोडे होते. एक जुलैत विकला, निम्म्या भावात, कारण तेव्हा सगळेच विकायला निघाले होते. बोट बांधून ठेवता येते, गाडी झाकून ठेवता येते. घोड्याला रोज खायला घालावंच लागतं. त्या हिरवळीला पर्यटक 'मिनी स्वित्झर्लंड' म्हणायचे. त्याने ते नाव घेतलं नाही, नुसतं वरच्या झाडीकडे बोट केलं, "उपर." वन्सं टॅक्सीत बसून राहिल्या. परत येताना त्यांनी त्याच्या हातात काहीतरी दिलं, किती ते मी विचारलं नाही.

सोसायटीतले एक काका निघायच्या आधी म्हणाले होते, "आपली माणसं मारली त्यांनी, आणि तुम्ही त्यांच्या खिशात पैसे घालायला चाललात?" त्यांना द्यायला माझ्याकडे उत्तर तेव्हा नव्हतं आणि आत्ताही तयार नाही. मारल्या गेलेल्यांपैकी एकाचं घर त्यांच्या गल्लीतलं आहे, त्यांचा राग मला कळतो. बुकिंग मीही रद्द केलंच होतं. एवढंच सांगते, मी ज्यांच्या खिशात पैसे घातले त्यांची नावं, हप्ते आणि मुलांचे पगार मला आता माहीत आहेत.

जाणाऱ्यांसाठी कामाच्या गोष्टी. आपल्याकडचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही, पोस्टपेड घेऊन जा. परतीला श्रीनगर विमानतळावर तीन तास आधी निघा, टर्मिनलच्या बरंच अलीकडे गाडीतून सगळं सामान उतरवून तपासतात, मग आत पुन्हा. लोकरी मोजे दोन जोड. गरम पाण्याची रबरी पिशवी स्वतःची न्या. कटऱ्याहून श्रीनगरला जून २०२५ पासून वंदे भारत सुरू झाली आहे, चिनाबवरचा पूल त्याच मार्गावर आहे. गुडघे शाबूत असलेल्यांनी तसं जावं, आम्ही विमानाने गेलो. खोली एक नंबरची मागा. तीन नंबरच्या कोपऱ्यात ओलीचा वास आहे.

दर: आम्हाला रात्रीचे ३,२०० पडले, दोघींचं सकाळ-रात्रीचं जेवण धरून. नेटवर लोक लिहितात की 'सध्या फार स्वस्त मिळतंय, फायदा घ्या.' त्या दरात आचाऱ्याचा पगार बसत नाही, हे मी कागदावर मांडून बघितलेलं आहे. मी घासाघीस केली नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. वन्सं चकित झाल्या.

निघायच्या आदल्या रात्री मुलाशी फोनवर बोलले आणि पुढच्या मेच्या पहिल्या आठवड्यासाठी दोन खोल्या सांगून टाकल्या, सहा माणसं, मूळचंच बुकिंग. मालकांनी वही काढली, तारखा लिहिल्या, दर सांगितला साडेपाच हजार. मी म्हटलं, पाच करा, जुने गिऱ्हाईक आहोत, शिवाय गीझर बंद आहे. ते म्हणाले, गीझर मार्चमध्ये बसतोय, दर साडेपाच.

मी पुन्हा म्हटलं, पाच. ते नाही म्हणाले.